ताळेबंद जुळला होता

आमच्या घरात आजारी माणूस कोण, हे पक्कं ठरलेलं होतं: आमचे हे. बेळगावच्या उद्यमबागेत एका मशीनशॉपमध्ये लेथवर आहेत. वजन ५८ किलो. पट्ट्याची भोकं संपली म्हणून दाभणानं दोन जादा पाडून घेतलीत. आणि शुगर वयाच्या ३९व्या वर्षापासून. मी पाच फूट एक इंच, वजन ८६, आणि उपाशीपोटी शुगर ९२. वडगावात आमच्या गल्लीत हा चेष्टेचा विषयच होता. "खातात वहिनी आणि शुगर वाढते दादांची," असं शेजारचा पोरगासुद्धा म्हणायचा. मीही हसायचे. खरं सांगायचं तर मनातून जरा ताठा होता. जाडी असेन, पण माझा रिपोर्ट बघा.

मी शहापुरात एका क्रेडिट सोसायटीत अकाउंटंट आहे, बावीस वर्षं झाली. दरवर्षी मार्च संपला की स्टाफची रक्ततपासणी होते. गेल्या वर्षीचा माझा कागद अजून फायलीत आहे: शुगर ९२, शुगरची तीन महिन्यांची सरासरी ५.५, ट्रायग्लिसराइड १३८, चांगलं कोलेस्टेरॉल ५१, बीपी १२४/८०. एकाही आकड्याखाली लाल रेघ नाही. जिथं तपासणी झाली तिथल्या डॉक्टरांनी कागद वर-खाली बघितला आणि म्हणाले, "वजन सोडलं तर तुमचं सगळं नॉर्मल आहे मॅडम. मजा करा." त्या 'वजन सोडलं तर'चा अर्थ मला पुढच्या चार महिन्यांत कळला.

आषाढात वडगावच्या मंगाईची यात्रा असते. ज्यांनी बघितली नाही त्यांना सांगून कळणार नाही; त्या दिवशी वडगावात पाहुणा नाही असं घर नसतं. आमच्याकडं निपाणीहून नणंद, तिचे दोघे मुलगे, खानापूरकडचा माझा भाऊ-भावजय, मिळून सोळा माणसं. मटण मीच केलं, आणि वाढून-वाढून शेवटी दोन वाजता स्वतः बसले तेव्हा भुकेपोटी जरा जास्तच जेवले. रात्री बायका हॉलमध्ये, पुरुष माडीवर. मी नेहमीप्रमाणं अंथरूण स्वयंपाकघरात टाकलं. पहाटे उठायचंय, कुणाची झोप मोडायला नको, असं मी सांगते. खरं कारण सगळ्यांना माहीत असतं. मी घोरते.

पुरुष घोरला तर लोक म्हणतात दमलाय बिचारा. बाई घोरली की हसू येतं. माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात सासूबाईंनी एकदाच विचारलं होतं, "माहेरी पण असंच व्हायचं की काय गे?" तेव्हापासून मी लग्नाला, बारशाला, कुठंही मुक्काम टाळत आले. पंढरपूरला सोसायटीची ट्रिप गेली तेव्हा 'ह्यांचं पथ्य असतं' म्हणून घरी राहिले. त्यांच्या पथ्याला माझी काही गरज नव्हती.

त्या रात्री नणंदेचा धाकटा पाणी प्यायला स्वयंपाकघरात आला आणि त्यानं मोबाइलवर माझा व्हिडिओ काढला. सकाळी चहाला सगळ्यांना दाखवला. हशा झाला. माझी नणंद मात्र हसली नाही. तिनं मोबाइल हातात घेतला, पुन्हा लावला आणि म्हणाली, "आवाज जाऊ दे. मध्येच ही थांबतीया बघा. केवढा वेळ थांबतीया." आम्ही मोजलं. घोरणं चालू, चालू, मग एकदम बंद. छाती हलते आहे, पण आवाज नाही. एकोणीस सेकंदांनी पाण्याबाहेर डोकं काढावं तसा एक मोठा घुरका, आणि परत सुरू. मी म्हटलं, मटण जास्त झालं, दुसरं काही नाही.

मटणाचा हिशेब त्याच दिवशी दुपारी झाला. उजव्या बरगडीखाली कळ आली आणि पाठीत खांद्यापर्यंत गेली. अ‍ॅसिडिटीची गोळी घेतली, सोडा घेतला, सासूबाईंनी ओवा दिला. तीन तास अंगाला घाम. दुसऱ्या दिवशी सोनोग्राफी केली. पित्ताशयात खडे. 'एकाहून अधिक' असं लिहिलं होतं. त्याखाली आणखी एक ओळ: यकृतावर चरबी, ग्रेड दोन.

मी डॉक्टरांना विचारलं, माझं कोलेस्टेरॉल तर चांगलं आहे, मग खडे कसे? त्यांनी उलट मला विचारलं, "गेल्या दोन वर्षांत झटकन वजन कमी केलं होतंत का?"

केलं होतं. आमच्याच गल्लीत एकीनं न्यूट्रिशनचा क्लब काढला होता. सकाळी एक शेक, रात्री एक शेक, मध्ये काकडी. दोन महिन्यांत १४ किलो उतरले. ८८ चे ७४. सोसायटीत पिग्मी एजंटांनी ओळखलं नाही, असा माझा भाव वाढला होता. मग शेकचे पैसे परवडेनात, दिवाळी आली, आणि सगळं वजन व्याजासकट नाही तरी मुद्दल म्हणून परत आलं. डॉक्टरांनी सांगितलं ते असं: अंगातली चरबी भराभर वितळते तेव्हा यकृत जादा कोलेस्टेरॉल पित्तात सोडतं. त्यात जेवणात तेल-तूप नसलं की पित्ताशय आकुंचन पावत नाही, पित्त तिथंच साचून घट्ट होतं. आठवड्याला दीड किलोपेक्षा जास्त वेगानं उतरलं की खड्यांचा धोका वाढतो. लठ्ठपणामुळं धोका होताच, विशेषतः बाईला, चाळिशीनंतर. शेकनं त्यावर घाई केली. रक्तातलं कोलेस्टेरॉल आणि पित्तातलं कोलेस्टेरॉल हे दोन वेगळे हिशेब, हे मला त्या दिवशी कळलं.

ऑपरेशन दुर्बिणीनं करायचं ठरलं. 'साधं आहे, दुसऱ्या दिवशी घरी.' रजेचा अर्ज दिला. फिटनेससाठी भूलतज्ज्ञ बाईंकडं पाठवलं. आणि खरी गोष्ट तिथं सुरू झाली.

बाई धारवाडकडच्या. अर्धं कन्नड, अर्धं मराठी, मध्येच हिंदी. आपल्याकडं असंच चालतं. मी रिपोर्टची फाइल पुढं सरकवली, सगळं नॉर्मल आहे या दिमाखात. त्यांनी ती उघडलीच नाही. माझ्या मानेकडं बघितलं आणि म्हणाल्या, "गोरकी होडितीरेन्री?"

बेळगावात जन्म गेला तरी हा शब्द माझ्यावर कुणी वापरला नव्हता, पण कळला. मराठीतलं घोरणं आणि कन्नडातलं गोरकी, लाज एकच. मी "थोडं" म्हटलं. शेजारी बसलेले आमचे हे म्हणाले, "थोडं न्हवं मॅडम. मी वीस वर्षं कानात कापूस घालून झोपतोय."

मग त्यांनी एकामागून एक विचारलं. मोठ्यानं घोरता? दिवसा थकवा, पेंग? झोपेत श्वास थांबलेला कुणी बघितलाय? बीपी? बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, पस्तिसाच्या वर? वय पन्नासच्या वर? मान ४० सेंटिमीटरहून जाड? पुरुष? असे आठ प्रश्न. त्यांनी शिंप्यासारखी टेप काढून माझी मान मोजली. ४१. बीएमआय ३५.८. आठपैकी पाचला होकार. पाच किंवा त्याहून जास्त म्हणजे झोपेत श्वास अडण्याचा धोका मोठा. ही प्रश्नावली २००८ साली टोरांटोच्या भूलतज्ज्ञ फ्रान्सेस चुंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑपरेशनआधीच्या रुग्णांसाठीच तयार केली, असं नंतर वाचलं. म्हणजे ज्याला भूल द्यायची आहे तोच खोदून विचारतो. बाकीच्यांना विचारायचं कारण पडत नाही.

दिवसा पेंग येते का, याला मी आधी नाही म्हटलं होतं. मग त्यांनी वेगळं विचारलं: बसल्या जागी डुलकी? तेव्हा आठवलं. टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटला गाडी येईपर्यंत थांबलेली असताना अ‍ॅक्टिव्हावर बसल्याबसल्या डोळा लागला होता. मागच्या टेम्पोनं हॉर्न मारला तेव्हा गेट उघडून बराच वेळ झाला होता. व्हाउचरवर ५४,००० चे ४५,००० लिहिले, संध्याकाळी कॅश जुळेना, दोन तास सगळा स्टाफ थांबला, तेही त्याच महिन्यात. सकाळी उठल्यावर डोकं जड. रात्री तीनदा लघवीला. यातल्या प्रत्येकाला माझ्याकडं एकेक कारण तयार होतं: वय, चष्मा, गॅस, पाणी जास्त पिते.

त्यांनी फिटनेसवर सही केली नाही. "आधी झोपेची तपासणी करा," म्हणाल्या. मला राग आला. रजा मंजूर, भाऊ दवाखान्यात थांबायला येणार, आणि ही बाई घोरण्यासाठी ऑपरेशन अडवते. त्यांनी शांतपणे समजावलं. जागेपणी घशाचे स्नायू ताणलेले असतात. झोपेत सैल पडतात. मानेत, जिभेत चरबी असली की सैल पडलेली वाट बंदच होते. साध्या झोपेत प्राणवायू कमी झाला की मेंदू आपल्याला हलवून जागं करतो, तोच तो घुरका. पण भूल आणि दुखणं मारणारी काही औषधं दिलेली असली की मेंदू हाक मारत नाही. "तुमचं ऑपरेशन बिघडायचं नाही. ऑपरेशन झाल्यावर वॉर्डात, रात्री, सगळे झोपलेले असताना बिघडेल."

तपासणी घरीच झाली. एक मुलगा संध्याकाळी पेटी घेऊन आला. छातीभोवती पट्टा, नाकात पातळ नळी, बोटाला चिमटा. सासूबाईंनी दृष्ट काढायची तेवढी बाकी ठेवली होती. मला वाटलं, या अवतारात झोप येणारच नाही आणि तपासणी खोटी ठरेल. दहा मिनिटांत झोपले. हेही लक्षणच, हे नंतर कळलं. मी 'मला कुठंही झोप लागते' याला पुण्याई समजत होते.

रिपोर्टमध्ये रेघोट्यांचं पान होतं. प्राणवायूची रेघ सरळ असायला हवी. माझी करवतीच्या दात्यांसारखी. नोंद ६ तास ५ मिनिटांची. तासाला सरासरी ३७ वेळा श्वास थांबला किंवा अर्धवट झाला, आणि यात धरतात ते निदान दहा सेकंदांचे. पाचच्या आत असेल तर ठीक, तिसाच्या वर म्हणजे तीव्र. मी सवयीनं गुणाकार केला: एका रात्रीत सव्वादोनशे वेळा. प्राणवायू सर्वांत खाली ७६ टक्क्यांवर गेला होता. कोरोनात आम्ही ह्यांच्या बोटाला ऑक्सिमीटर लावून बसलो होतो तेव्हा ९२ दिसल्यावर घरात रडारड झाली होती. मी रोज रात्री ७६ ला जाऊन सकाळी उठून भाकऱ्या थापत होते.

आमचे हे बराच वेळ तो कागद बघत राहिले. मग म्हणाले, "मला वाटायचं आवाज थांबला म्हणजे तुला आता शांत झोप लागली."

भूलतज्ज्ञ बाईंनी फिजिशियनकडं पाठवलं. तिथं मी माझी फाइल पुन्हा पुढं केली. मला खरंच समजून घ्यायचं होतं, की हे सगळं असताना ते सगळं नॉर्मल कसं. या डॉक्टरांनी फाइल वाचली आणि म्हणाले, "रिपोर्ट खोटा नाही. पण प्रश्न पाचच असतात, आणि त्यातल्या चारांचीच उत्तरं यात आहेत." शुगर १०० च्या आत, ट्रायग्लिसराइड १५० च्या आत, बाईचं चांगलं कोलेस्टेरॉल ५० च्या वर, बीपी १३०/८५ च्या आत, आणि पाचवा कमरेचा घेर, जो आमच्या तपासणीत कुणी मोजलाच नव्हता. भारतीय बायकांना ८० सेंटिमीटर ही मर्यादा; माझा १०४. घेर सोडून बाकी सगळं ठीक असलेल्या लठ्ठ माणसाला डॉक्टरी भाषेत 'चयापचयानं निरोगी' म्हणतात. आता झोपेत घसा बंद होतो का, पित्तात काय साचलंय, गुडघ्याची कूर्चा किती झिजली, यकृतात चरबी किती, हे या पाचांत कुठं आहे? नाहीच.

मग त्यांनी उपाशीपोटीचं इन्शुलिन करायला सांगितलं. आलं २२. लॅबच्या कागदावर मर्यादा २.६ ते २४.९ छापलेली, म्हणजे इथंही नॉर्मल! मी जवळजवळ खूश झाले. डॉक्टरांनी कॅल्क्युलेटर माझ्याकडं सरकवला. "अकाउंटंट आहात ना? ९२ गुणिले २२, भागिले ४०५." पाच आलं. हा आकडा अडीचच्या आसपास गेला की शंका घ्यायला लागतात. अर्थ असा, की माझी शुगर ९२ वर राहते खरी, पण ती तिथं ठेवायला स्वादुपिंडाला जादा इन्शुलिन ओतावं लागतंय.

आणि इथं मला, बावीस वर्षं सोसायटीत काढलेल्या बाईला, एकदम लख्ख कळलं. आमच्या धंद्यात याला नवं-जुनं म्हणतात. कर्जदाराकडं थकबाकी आहे, मार्च आला, ऑडिटर येणार. मग काय करायचं? त्याच माणसाला नवं कर्ज मंजूर करायचं आणि त्यातून जुनं फेडून घ्यायचं. कागदावर थकबाकी शून्य. ताळेबंद जुळतो, ऑडिट 'अ' वर्ग देतं, सभेत टाळ्या पडतात. कर्ज मात्र दरवर्षी थोडं मोठं होत जातं. आणि एखाद्या वर्षी नवं कर्ज द्यायला पैसाच राहत नाही, तेव्हा ठेवीदार सकाळी दारात उभे. बेळगावात कुणाला हे समजावून सांगायला नको. आपण सगळ्यांनी कुलूप लागलेल्या सोसायट्या बघितल्यात. माझं स्वादुपिंड वर्षानुवर्षं नवं-जुनं करत होतं, आणि मी दर एप्रिलला 'अ' वर्ग मिरवत होते.

डॉक्टरांना हे बोलून दाखवलं तर ते हसले, पण चूक म्हणाले नाहीत. एक दुरुस्ती केली. सगळ्याच सोसायट्या बुडत नाहीत. चरबी कुठं आहे यावर बरंच असतं. मांड्या-नितंबांवर कातडीखाली असलेली चरबी त्या मानानं निरुपद्रवी, पोटात आतड्यांभोवती आणि यकृतात शिरलेली त्रासाची. शुगर-बीपी असलेल्या लठ्ठ माणसापेक्षा माझा धोका कमीच, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं. पण 'कमी' म्हणजे 'नाही' नव्हे. ब्रिटनमधल्या ३ लाख ८१ हजार लोकांवरचा २०२१ साली आलेला अभ्यास त्यांनी सांगितला: असे 'निरोगी' लठ्ठ लोक आणि रिपोर्ट तसाच चांगला असलेले पण लठ्ठ नसलेले लोक यांची तुलना केली, तर लठ्ठांमध्ये मधुमेह चौपटीहून जास्त, हृदय थकून निकामी होण्याचं प्रमाण पाऊणपटीनं जास्त, हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात १८ टक्क्यांनी जास्त. शिवाय ज्यांची पुन्हा तपासणी झाली त्यांतल्या एक तृतीयांशांचा 'निरोगी'पणा तीन-पाच वर्षांत संपलेला होता.

जाता जाता त्यांनी ह्यांच्याकडं बघितलं. मी विचारलंच, की मग हे एवढे बारीक असून ह्यांना शुगर कशी? त्यांनी पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचं उदाहरण दिलं. २००४ साली त्यांचा आणि त्यांच्या इंग्रज सहकाऱ्याचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापला होता. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी इंग्रजाच्या ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२. दिसायला बारीक, आतून चरबी. ह्यांनी शर्टवरून पोट चाचपलं. त्या एका वाक्यानं गल्लीतला आमचा विनोद संपला. मी जाडी म्हणून आजारी किंवा हे बारीक म्हणून निरोगी, हे जसं खोटं, तसंच त्याच्या उलटंही खोटं.

आता झोपेत श्वास अडू नये म्हणून दिलेल्या मशीनचं सांगते, कारण त्याबद्दल कुणी मराठीत धड सांगत नाही.

सीपॅप म्हणतात त्याला. उशाशी चपलेच्या खोक्याएवढी पेटी, नळी, आणि नाकावर बसणारा मास्क. ती हवा दाबून आत सोडते, त्या दाबानं घसा उघडा राहतो. प्राणवायूचं सिलिंडर नव्हे, साधीच खोलीतली हवा. सिडनीच्या कॉलिन सुलिव्हान यांनी १९८१ मध्ये हे पहिल्यांदा केलं तेव्हा व्हॅक्यूम क्लीनरची मोटर वापरली होती म्हणे. मला ऐकून आश्चर्य वाटलं नाही. पहिल्या रात्री तसंच वाटलं. कुणीतरी नाकातून फुगा फुगवतंय. तोंड उघडलं की हवा फुर्रकन बाहेर. बारा वाजता काढून फेकला. दुसऱ्या रात्री दीडला. तिसऱ्या दिवशी तपासणीची पेटी आणणाऱ्या त्या मुलानं येऊन मास्क बदलला. पहिला मोठा पडत होता, पट्टे आवळून आवळून नाकाच्या दांडीवर वळ उठला होता. त्यानं एक युक्ती सांगितली: रात्री एकदम लावू नका, संध्याकाळी टीव्ही बघताना अर्धा तास लावून बसा. तसं बसले. मालिका चालू, मी मास्क लावून, सासूबाई शेजारी. "विमान चालवाय लागलीस की काय गे," म्हणाल्या. पण त्यांनीच पुढं रोज सातला आठवण करायला सुरुवात केली.

आठव्या दिवशी सकाळी जाग आली आणि मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. डोकं दुखत नव्हतं. आणि रात्री एकदाही उठले नव्हते.

मशीन आधी भाड्यानं घेतलं, ते माझं बरोबर ठरलं. विकत घ्यायची घाई करू नका. पाण्याच्या डबीत शुद्ध केलेलं पाणीच घाला, नळाचं घातलं तर आत पांढरा थर धरतो. इन्व्हर्टर असेल तर त्याच्या वायरिंगवर प्लग हवा. आमच्याकडं तो नव्हता, पावसाळ्यात पाच-सहा रात्री वाया गेल्यावर टाकून घेतला.

तीन आठवडे मशीनवर काढल्यावर भूलतज्ज्ञ बाईंनी सही केली. ऑपरेशनच्या दिवशी मशीन पिशवीत घालून बरोबर न्यायला सांगितलं होतं. ऑपरेशनबद्दल सांगण्यासारखं काही नाही, मला काही आठवतच नाही. सर्जननी बाटलीत खडे दाखवले, तुरीच्या डाळीएवढे चौदा. मी मोजले. रात्रभर बोटाला चिमटा आणि नाकावर मास्क. पहाटे नर्सनं सांगितलं, ९४ च्या खाली गेलंच नाही.

यकृताचं वेगळं झालं. यकृताचं एंझाइम एसजीपीटी ३६, म्हणजे लॅबच्या मर्यादेतच, आणि तरी चरबी ग्रेड दोन. हे एंझाइम चांगलं म्हणजे यकृत चांगलं, असं नसतं, हे आणखी एक नवं-जुनं. फायब्रोस्कॅन केलं. आडवं झोपवून बरगड्यांमध्ये टिचकी मारल्यासारखं मशीन लावतात, दहा मिनिटांचं काम, दुखत नाही. चरबी भरपूर निघाली, पण यकृताचा कडकपणा ६.८, आठच्या आत. म्हणजे व्रण धरलेला नाही. डॉक्टर म्हणाले, वेळेत आलात. वजनाचा सात ते दहा टक्के भाग उतरला तर यकृतातली सूज उतरते. माझ्या हिशेबात सहा ते साडेआठ किलो. पन्नास किलोची करीना व्हायचं नव्हतं, हे ऐकून मला बरंच हलकं वाटलं. उतरायचं मात्र आठवड्याला अर्धा किलोच्या वेगानं. शेक नाही.

बाकी दोन गोष्टी झटपट. गुडघे: एक किलो उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा चार किलो भार कमी होतो, आमची सोसायटी दुसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही. आणि बायकांसाठी: चरबी स्वतः इस्ट्रोजेन तयार करते, लठ्ठपणाशी जोडलेल्या तेरा कर्करोगांत गर्भाशयाच्या अस्तराचा आहे, म्हणून पाळी गेल्यावर थेंबभरही रक्त दिसलं तर 'उष्णता वाढली' म्हणून गप्प बसायचं नाही. हे मला विचारल्याशिवाय कुणी सांगितलं नव्हतं.

मी सकाळी व्हॅक्सिन डेपोत चालायला जाते. एकेकाळी तिथं देवीची लस बनायची, आता अर्धं टिळकवाडी तिथं पोट कमी करायला येतं. संध्याकाळचं चुरमुऱ्यांचं गिरमिट आणि मिरची भजी सोडलेली नाही, आठवड्यातून एकदाच केली. भात कमी, जोंधळ्याची भाकरी जास्त, डाळ-उसळ आधी. कुंद्याचं, आमच्या बेळगावच्या खव्याच्या मिठाईचं, सांगत नाही. दहा महिन्यांत ८६ चे साडेऐंशी झालेत. गल्लीत कुणाच्या लक्षातही आलेलं नाही. शेकच्या वेळी सगळ्यांनी ओळखलं होतं.

मशीन रोज सकाळी एक आकडा दाखवतं, रात्री तासाला किती वेळा श्वास अडला तो. सोसायटीच्या जुन्या डायरीच्या मागच्या पानांवर मी तो लिहिते, तारीख घालून. सोमवार १.८. मंगळवार २.३. बुधवार २.०. काल ६.४, पुढं शेरा: इन्व्हर्टरची बॅटरी संपली, पहाटे पाऊण तास मशीन बंद. हे आधीच जागे झाले होते.